इंग्रजीच्या वर्गाचा पहिला दिवस

(विद्यार्थी दिवसानिमित्त हडपसर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज ७ नोव्हेंबर. सन १९०० मध्ये याच तारखेला साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आताच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर हे नाव इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाले. रजिस्टरमधला क्रमांक १९१४. राज्य शासनाने २०१७ साली हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून जाहीर केला. त्या काळी शाळेत बसायला घरून नेलेले गोणपाट, जागा कोपऱ्यात एकट्याची, आणि शिपायाने नळ सोडला तरच पाणी, हे बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे.

म्हणून इंग्रजीच्या वर्गातला पहिला दिवस हा विषय मला किरकोळ वाटत नाही. पहिल्या दिवशी आपण काय करतो? एकेकाला उभे करतो. नाव, आडनाव, गाव, वडील काय करतात, इंग्रजीतून सांगा. मुलाला एकाच वेळी दोन भीती असतात. भाषा चुकेल ही एक, आणि आडनाव ऐकून मागे कुजबुज होईल ही दुसरी. आठवीत मी ‘माय फादर इज अ’ येथवर जाऊन थांबलो होतो. पुढचा शब्द येत नव्हता असे नाही. तो सांगायचा नव्हता.

२००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले, तरी पहिल्या दिवसाची ही पद्धत बऱ्याच ठिकाणी तशीच राहिली. आपल्या अभ्यासवर्गात आम्ही ती सोडली. सर्वांनी गोल उभे राहायचे, चेंडू टाकायचा, ज्याच्याकडे आला त्याने ‘आय ॲम’ म्हणून फक्त स्वतःचे नाव सांगायचे. आडनाव नाही. दुसऱ्या फेरीत ज्याला चेंडू टाकायचा त्याचे नाव घ्यायचे. दहा मिनिटांत फुरसुंगीचा मुलगा मुंढव्याच्या मुलीला नावाने हाक मारतो.

मग चिठ्ठ्या. प्रत्येकीवर पाच प्रश्न: ‘डू यू राइड अ बायसिकल?’, ‘डू यू लाइक भाकरी?’ वर्गभर फिरून विचारायचे, जो ‘येस’ म्हणेल त्याचे नाव लिहून घ्यायचे. एकच वाक्य वीस वेळा तोंडून जाते आणि फळ्यासमोर उभे राहावे लागत नाही. त्या दिवशी चुका दुरुस्त करायच्या नाहीत. प्रश्न मात्र पारखून घ्यावेत. ‘सुटीत कुठे गेला होतास?’, ‘घरी कोणती गाडी आहे?’ हे प्रश्न आम्ही काढून टाकले. दोन खरी वाक्ये आणि एक खोटे सांगण्याचा खेळ चांगला आहे, पण तो दुसऱ्या आठवड्यात घ्यावा. पहिल्याच दिवशी एवढी वाक्ये जुळत नाहीत.

तिसरा खेळ वाढदिवसांच्या रांगेचा. ‘व्हेन इज युवर बर्थडे?’ विचारत जानेवारी ते डिसेंबर असे ओळीने उभे राहायचे. बाकावरच्या ठरलेल्या जोड्या मोडतात, कोपऱ्यात कोणी उरत नाही. एकदा मुलांना सोडायला आलेल्या दोन आयाही रांगेत शिरल्या. दोघींचा दाखल्यावरचा वाढदिवस १ जून! आपल्यापैकी अनेकांचा तोच आहे, गुरुजींच्या कृपेने. पुढे कोणी उभे राहायचे यावर बराच वेळ हसाहशी झाली, मग एक आई म्हणाली, ‘सेम, सेम!’

चेंडू कापडाचा घ्यावा, एवढी सूचना करतो. विहाराच्या खिडकीची एक काच आम्ही भरून दिलेली आहे.

जयभीम!