शिकलेल्याचा हिशोब
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गोटमार आटोपली की तिसऱ्या दिवशी आपल्याकडे गणपती बसतात, आणि त्यांच्या मागोमाग महालक्ष्म्या येतात. या गडबडीत संध्याकाळी बायकांनी भाषणाला यावे ही अपेक्षा करणेच चूक. तरी तुम्ही आलात. मागे सुनाही बसलेल्या दिसतात, त्यांना पाहून मला बरे वाटले, कारण आजचे बोलणे बरेचसे त्यांच्यासाठीच आहे.

मंडळाने मला विषय दिला ‘नवीन शिक्षण धोरण’. तो फार मोठा आहे, माझ्याने पेलवणार नाही. मी त्यातली एकच गोष्ट उचलते. कॉलेजच्या वर्गाबाहेर माणूस जे शिकतो, ते पदवीत मोजले जाते का?

आधी माझे सांगते, म्हणजे हा प्रश्न मला का टोचतो ते कळेल. मी सीमेपलीकडून आलेली सून. १९८३ साली लग्न झाले तेव्हा बी.ए.ची दोन वर्षे पास होऊन आले होते. वाटले, तिसरे वर्ष इथे करू. मधे काय, एक नदी आणि एक नाका! पण इकडच्या कार्यालयात सांगितले, तुमची दोन वर्षे आमच्याकडे चालणार नाहीत, अभ्यासक्रम वेगळा आहे. तिकडे सांगितले, परीक्षेला इथेच या. तेव्हा सासरे आजारी आणि पोटात मूल. शेवटी पाच वर्षांनी मी पुन्हा पहिल्या वर्षापासून स्वाध्यायी म्हणून फॉर्म भरला. इंग्रजी तेच, इतिहास तोच, फक्त गुणपत्रिकेची अंकसूची झाली. नावे कोणाचीच घेत नाही. बाबूंनी नियम वाचून दाखवला, त्यांचा काय दोष? पण शिकलेली दोन वर्षे कुठे गेली, याचे उत्तर मला कोणी दिले नाही.

‘स्वाध्यायी’ हा शब्द आपल्याकडचा, मध्य प्रदेशातला. पलीकडे त्याला ‘बहिःस्थ’ म्हणतात. घरी अभ्यास करायचा आणि परीक्षेला जाऊन बसायचे. या वाटेने आपल्या भागातल्या किती शिक्षकांनी आणि किती गृहिणींनी पदव्या घेतल्या असतील! ही कल्पना काही आजची नाही. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, तेव्हाही घरी अभ्यास करणाऱ्या बायकांना परीक्षेची वाट होती. वर्ध्याची राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ची. तिच्या परिचय, कोविद, रत्न या परीक्षा आपल्या आई-वडिलांच्या पिढीने दिल्या, त्यांची प्रमाणपत्रे अजून काही घरांच्या भिंतीवर असतील. पण बघा, कोविदला इंटरची मान्यता होती ती फक्त हिंदीपुरती. कोविद झालेला माणूस इंटर पास धरला जात नसे.

गाण्याचेही तेच. आज आरतीला ज्या मुलीने पेटी धरली, ती गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देते. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा करत विशारदपर्यंत जायला बरीच वर्षे जातात. सगळे शिक्षण गुरूच्या घरी, चटईवर बसून. कुठे विशारद पदवीच्या बरोबरीची धरतात, कुठे धरत नाहीत. विचारल्याशिवाय समजायचे नाही. म्हणजे शिकणे बाहेर होऊ शकते हे आपल्या लोकांना पहिल्यापासून ठाऊक होते. अडते ते मोजण्याशी.

आता नवीन काय झाले ते सांगते.

नव्या पद्धतीत अभ्यास तासांत मोजतात. शिकण्याचे ३० तास म्हणजे एक श्रेयांक, म्हणजे मुले ज्याला क्रेडिट म्हणतात ते. वर्षाचे १२०० तास, ४० श्रेयांक. एक वर्ष पूर्ण करून सोडले तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी. मध्य प्रदेशाने हे २०२१-२२ पासून कॉलेजात आणले, बऱ्याच राज्यांच्या आधी. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांची बँक काढली. विद्यार्थ्याचे मिळवलेले श्रेयांक त्याच्या खात्यावर जमा होतात, दुसऱ्या विद्यापीठात नेता येतात आणि जास्तीत जास्त सात वर्षे टिकतात. मी पाच वर्षांनी परत आले होते. तेव्हा हे असते तर सात वर्षांच्या आत होते!

पण दोन गोष्टी नीट ऐका. ही बँक २०२१-२२ पासूनच्या शिक्षणासाठी आहे, त्याआधी सोडलेल्यांना तिचा उपयोग नाही. आणि दोन्हीकडची विद्यापीठे बँकेत नोंदलेली हवीत, शिवाय कोणते श्रेयांक धरायचे हे नव्या ठिकाणचे विद्यापीठ ठरवते. बँकेत पैसे आहेत म्हणून दुकानदाराने आपल्याला हवी ती वस्तू द्यावी असे नसते, तसेच.

आता नावाची गोष्ट. ही मी सुनांना मुद्दाम सांगते. लग्नात तांदळाच्या ताटात नवे नाव लिहितात, मग हौसेने आधारवर नाव बदलतात, नवऱ्याचे नाव, सासरचे आडनाव, कधी स्वतःचे नावसुद्धा. दहावीच्या कागदावर मात्र माहेरचे नाव. श्रेयांकांचे खाते डिजिलॉकरमधून, आधारच्या नावावर उघडते. विद्यापीठात एक नाव, आधारवर दुसरे, की खाते जुळत नाही. मग शपथपत्र, राजपत्र, तहसीलच्या चकरा. माझे म्हणणे कोणाला आवडणार नाही, तरी सांगते. मुलीचे शिक्षण पुरे होईपर्यंत आधारवरचे नाव बदलू नका. ताटातले नाव ताटात राहू द्या. सासूबाईंना वाईट वाटले तर माझ्याकडे पाठवा.

ज्यांची दहावी-बारावीच राहिली त्यांचे काय? राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ची आहे. एकदा नोंद केली की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. एकेक, दोन-दोन विषय देत गेले तरी चालते. शाळेच्या बोर्डात नापास झाला असाल तर पास झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण इथे धरून घेता येतात. दहावी मराठी माध्यमातूनही देता येते. त्यानंतर मुक्त विद्यापीठ. दिल्लीचे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५चे, नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९चे. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले नंतर दिल्लीच्या मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. आपल्या राज्याचे भोपाळचे भोज मुक्त विद्यापीठ. आता आपली अडचण पाहा. मराठीतून पदवी हवी तर नाशिक. पण राज्याच्या मुक्त विद्यापीठाला स्वतःच्या राज्याबाहेर केंद्र काढता येत नाही. म्हणून सौंसर-पांढुर्ण्यात ते केंद्र होणार नाही, मराठी घरे कितीही असोत. १९५६पर्यंत आपली राजधानी नागपूर होती. ती रेघ ओढली गेली तेव्हा मराठी मुलींनी कोठून शिकावे याचा विचार कोणाच्या मनात आला नसावा.

कॉलेजात असलेल्या मुलांना आणखी एक वाट आहे, ‘स्वयं’. २०१७ साली सुरू झाले. आयआयटीसारख्या संस्थांचे अभ्यासक्रम फोनवर फुकट पाहता येतात. प्रमाणपत्र हवे असेल तर फी भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते. एका सत्रातल्या अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत असे घेण्याची मुभा आयोगाने विद्यापीठांना दिली आहे, आधी ती २० टक्के होती. मुभा हा शब्द लक्षात ठेवा. आधी कॉलेजातून लेखी विचारून घ्या. अभ्यास आधी आणि विचारणा नंतर, असे करणारी मुले प्रमाणपत्र हातात घेऊन रडतात, मी पाहिली आहेत.

आता मला खरे बोलायचे आहे ते इंटर्नशिपबद्दल. आपल्या कॉलेजांच्या नव्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प, इंटर्नशिप, अप्रेंटिसशिप, सामाजिक काम असा एक भाग आहे. म्हणजे बाहेर जाऊन शिका, त्याचे श्रेयांक कॉलेज देईल. मला तर हे वाचून आनंद झाला होता. आपल्या मुलांइतके बाहेरचे कोणाला येते? संत्र्याच्या बागेत वाढलेल्या पोराला आंबिया बहारासाठी झाडाला ताण कधी द्यायचा आणि पाणी कधी सोडायचे हे ठाऊक असते. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरताना चाकू किती खोल जावा हे त्याचा हात जाणतो. खोडातून डिंक गळायला लागला की मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मलम तो लावतो. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात हेच प्रकरण आहे. हिशोब केला तर दिवसाला सहा तास धरून बहाराचे शंभर दिवस म्हणजे ६०० तास, २० श्रेयांक. अर्धे वर्ष झाले!

पण तसे कोणी देत नाही, आणि देऊही नये. काम केले म्हणून श्रेयांक मिळत नाही, काय शिकला ते कोणीतरी तपासावे लागते. २०२३च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यातही अनुभव धरायची सोय आहे, पण मूल्यमापन झाल्यावरच. आणि नेमके तिथेच आपण चोरी करतो. रागावू नका, इथल्याच लोकांना सांगते आहे. बागेत खरोखर राबलेला पोरगा कॉलेजात काय देतो? मामाच्या दुकानाच्या लेटरहेडवर टाइप केलेले पत्र, ‘याने आमच्याकडे अमुक दिवस काम केले’. दुकानात तो एक दिवस गेलेला नसतो. अहवाल सायबर कॅफेतून, पाच मुलांचा एकच, फक्त वरचे नाव वेगळे. ज्याला खरे येते तो खोटे लिहून देतो, कारण बागेतले काम हे शिक्षण आहे असे त्याला कोणी सांगितलेच नाही. घरच्यांनी तर नाहीच. आपण म्हणतो, ‘शीक, नाहीतर बागेत राबावे लागेल.’ मग तो बागेबद्दल अभिमानाने कसा लिहील?

मी शिकवत होते तेव्हा अशा एका मुलाचा अहवाल परत केला आणि म्हटले, तुझ्या बागेचे लिही. त्याने वहीत वीस झाडांची नोंद आणली. कोणत्या झाडाला डिंक्या, कधी मलम लावले, महिन्याने काय झाले, तीन झाडे वाळली ती का वाळली असावीत. अक्षर वाईट, शुद्धलेखन त्याहून वाईट. चार श्रेयांक म्हणजे १२० तास, आणि त्या वहीत १२० तास दिसत होते. माझ्या सगळ्या नोकरीत असा अहवाल मी दोनदा वाचला असेल.

म्हणून मामा-काकांना हात जोडून विनंती. खोटे पत्र देऊ नका. पोराला खरेच ठेवून घ्या. बोरगावच्या कारखान्यात ओळख असेल तर ती पत्रासाठी वापरू नका, आत नेऊन काम दाखवायला वापरा. आडत दुकान असेल तर वजन, मालाची प्रतवारी, अडत, उधारी हे त्याच्याकडून लिहून घ्या. वाणिज्याच्या मुलीला बचत गटाच्या वह्या लिहू द्या. रोज अर्ध्या पानाची नोंद, तारखेसह. ही वही असली की परीक्षकापुढे तोंड उघडता येते. ज्यांना कॉलेज नको आहे, पण हातात कसब आहे, गवंडी, सुतार, वायरमन, शिलाई करणाऱ्या बहिणी, त्यांच्यासाठी २०१५ पासून सरकारच्या कौशल्य योजनेत पूर्वीचे कसब तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय केली गेली. ते पदवी नव्हे, पण कामाचा कागद आहे.

आपला पांढुर्णा २०२३ साली जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. कार्यालये वाढली, तशा खिडक्याही वाढल्या. खिडकीवर एकटी सून उभी राहिली की तिला परत पाठवणे सोपे असते. तिच्या बरोबर कोणी असले की बाबू नियम पुन्हा वाचून पाहतो. मंडळाकडे माझे मागणे एवढेच आहे की वर्गणीतून थोडे पैसे आणि ही खोली आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी. फॉर्म भरायला मी बसेन, आणखी दोन निवृत्त शिक्षकांनी होकार दिला आहे.

अनंत चतुर्दशीनंतरच्या पहिल्या रविवारी चार वाजता इथे या. दहावीचे, बारावीचे, जिथे सोडले तिथपर्यंतचे सगळे कागद, आधार, आणि लग्नानंतर नाव बदलले असेल तर त्याचाही कागद आणा. मूळ कागद आणा, झेरॉक्स आम्ही काढून देऊ. आणि पेटीवरच्या मुलीने तिची मध्यमाची प्रमाणपत्रे आणावीत, तिच्या कॉलेजात विचारायचे आहे.