वेताळाची शपथ आणि मे काकूंचे दागिने

(रेणापूर येथे एकल महिलांच्या तालुका मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो, मावश्यांनो आणि आयांबरोबर आलेल्या पोरांनो,

मी आज कॉमिक्सबद्दल बोलणार आहे हे कळल्यावर आमच्या कामातल्या एक ताई म्हणाल्या, “अगं, बायका वारसनोंदीचं विचारायला येतायत आणि तू त्यांना चित्रांच्या गोष्टी काय सांगतेस?” वारसनोंदीचंही सांगणार आहे. पण तिथपर्यंत मला एका मुलाने नेलं, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करते.

या तालुक्यातलंच एक गाव. नाव सांगत नाही. घरातल्या कर्त्या माणसाने कर्जापायी जीव दिला होता. तीन एकर सोयाबीन आणि तूर. मागे बायको, एक मुलगी, चौदा वर्षांचा मुलगा आणि म्हातारी आई. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आत सासू, सून आणि दीर यांची जुंपली होती आणि मुलगा ओट्यावर बसून वहीच्या मागच्या पानावर स्पायडरमॅन काढत होता. चित्र चांगलं होतं. मी तसं म्हटलं, तर मान वर न करता तो म्हणाला, “मोठा झालो की एकेकाला दाखवतो.”

कुणाला दाखवणार, हे मी तेव्हा विचारलं नाही. पण ते वाक्य माझ्या ओळखीचं होतं.

माझ्या मामाकडे माळ्यावर पत्र्याची पेटी होती आणि तीत इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी ते मार्च १९६४ मध्ये सुरू केले आणि १९९० मध्ये बंद केले. मी वाचायला लागले तेव्हा ते बंद पडून काही वर्षं झाली होती, पण मामाने कसरीपासून जपले होते. त्यातला वेताळ इथल्या वयाने मोठ्या मैत्रिणींना आठवत असेल. जांभळे कपडे, पांढरा घोडा, कवटीची गुहा. ली फॉक नावाच्या अमेरिकन लेखकाने १९३६ साली त्याला जन्म दिला. गोष्ट अशी की १५३६ मध्ये समुद्री चाच्यांनी एक जहाज बुडवलं. बाप मारला गेला, मुलगा तेवढा वाचला. त्याने बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली आणि तेव्हापासून बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, तीच शपथ घेतो. आपण वाचतो तो एकविसावा. इंद्रजालच्या अगदी पहिल्या अंकातसुद्धा तो बापाच्या मारेकऱ्याकडून बापाचा कमरपट्टा परत मिळवतो.

लहानपणी मला ही शपथ फार आवडायची. अंगावर काटा यायचा. आज वाचताना मी त्या घरातल्या बाया शोधते. बाप गेला त्या रात्री चूल कुणी पेटवली? आईने काय केलं? शपथ मुलगा घेतो आणि चित्र संपतं. एका जुन्या वेताळाला ज्यूली नावाची जुळी बहीण होती. भाऊ जखमी झाला तेव्हा तिने तो पोशाख घालून काम चालवलं. भाऊ बरा झाल्यावर पोशाख परत भावाकडे! आपल्या ओळखीच्या दोन-तीन सरपंचबाई इथे बसल्यात, त्या हसतायत. का हसतायत ते त्यांना विचारा.

हे परदेशी माणसाचं खूळ आहे असं म्हणून सोडून देता येत नाही. आपल्या रेणापुरात रेणुकेचं देऊळ आहे. तिची कथा तुम्ही माझ्याहून जास्त ऐकलीय. बापाच्या शब्दाखातर आईच्या मानेवर परशू चालवणारा मुलगा तोच, आणि बाप मारला गेल्यावर एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय करीन म्हणणाराही तोच. कथेकरी सांगतात की रेणुकेने एकवीस वेळा ऊर बडवून घेतला, म्हणून एकवीस. म्हणजे आईचं रडणंसुद्धा मुलाच्या शपथेचा आकडा मोजायच्या कामी आलं. मी श्रद्धेच्या आड येत नाही. नवरात्रात मीही त्या देवळात जाते. पण तिथे उभी राहिले की मला हा प्रश्न पडतो.

आबिद सुरतींचा बहादुर त्या मानाने वेगळा निघाला. १९७६ पासून तो इंद्रजालमध्ये यायला लागला. भगवा कुर्ता घालणारा, डाकूचा मुलगा. बाप पोलिसांकडून मारला गेला, याने सूड घ्यायचं ठरवलं, पण पुढे तो विचार सोडून डाकूंशी लढायला नागरिकांचं दल उभं केलं. शपथ मोडणारा नायक म्हणून तो मला जवळचा वाटतो.

अमेरिकेत ही पुस्तकं खपतात कशी तेही सांगते. १९८८ मध्ये बॅटमनच्या दुसऱ्या रॉबिनला मारायचं की जगवायचं हे वाचकांच्या फोनवर ठरवलं गेलं. ५,३४३ फोन ‘मारा’ म्हणणारे आले, ५,२७१ ‘जगवा’ म्हणणारे. पोरगा मेला. मग पहिला रॉबिन, म्हणजे बॅटमनने वाढवलेला थोरला मुलगा म्हणा, दुःख वाटून घ्यायला घरी आला, तर बॅटमनने त्याला मारलं आणि घराच्या किल्ल्या मागून घेतल्या. हे वाचताना मला आपल्या पेट्या-कपाटांच्या किल्ल्या आठवल्या. दहावं-तेरावं झालं की आपल्याकडे किल्ल्या मागितल्या जातात त्या सुनेकडे.

बायकांचं तर विचारूच नका. स्पायडरमॅनची मैत्रीण ग्वेन १९७३ मध्ये मेली, तेव्हापासून नायकाला राग यावा म्हणून बाई मारायची ही सोयच झाली. गेल सिमोन नावाच्या बाईने १९९९ मध्ये अशा मारलेल्या, छळलेल्या, शक्ती काढून घेतलेल्या स्त्रीपात्रांची यादीच केली. ती लांबलचक झाली.

पण आता स्पायडरमॅनच्या घरात चला. त्या घरात एक विधवा आहे आणि ती गोष्टीतून नाहीशी होत नाही. पीटर हा अनाथ मुलगा, त्याला बेनकाका आणि मे काकूंनी वाढवलेलं. १९६२ मधल्या पहिल्याच गोष्टीत बेनकाकांचा खून होतो आणि तो करणारा चोर म्हणजे पीटरने पूर्वी ‘मला काय त्याचं’ म्हणून पळू दिलेला माणूस. हे फक्त पीटरला माहीत. मग १९६३ मध्ये त्याच्या नावाचं स्वतंत्र मासिक निघालं, त्याच्या पहिल्या अंकात काय आहे? घरभाडं थकलंय. काकू दागिने गहाण ठेवायला जातात. पीटर खेळ करून पैसे कमावतो, तर चेक मिळतो स्पायडरमॅनच्या नावाने, आणि बँकवाला म्हणतो ओळखपत्र दाखवा, असा पोशाख कुणीही घालेल!

हसू नका. आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं आणि मृत्यूच्या दाखल्यात तिसरंच, म्हणून परत पाठवलेल्या किती जणी या मांडवात आहेत? हात वर करा. बघा.

तर त्या मुलाकडे परत येते. तिथे माझी चूक झाली, ती सांगितली पाहिजे. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, कागद मला लवकर दिसतात. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबाला २००६ च्या शासननिर्णयाप्रमाणे एक लाख, त्यातले तीस हजार चेकने आणि सत्तर हजार ठेवीत. ती फाईल मी पुढे सरकवली. मग वारसनोंदीचा अर्ज काढला. सगळं सुनेशी बोलून. सासू कोपऱ्यात बसून बघत होती. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, “माझं लेकरू गेलं, अन् तुमी निस्ते कागद घेऊन येताव.” त्या आठवड्यात घरात दोन चुली झाल्या. त्यात माझाही हात होता.

दिराने मधल्या काळात मुलाच्या मनात भरवून दिलं होतं, “त्या रात्री तुझी आई त्याला टाकून बोलली, म्हणून गेला.” ‘एकेकाला दाखवतो’ म्हणजे कुणाला, ते मला असं कळलं. चुलत्याच्या बरोबरीने त्यात त्याची आईही होती. तो शाळेत जाईना. आईने वाढलेलं ताट घेईना. आजीच्या चुलीवर जेवायचा.

एक दिवस तो आपणहून बोलला. टीव्हीवर हिंदीतून स्पायडरमॅनचा दुसरा सिनेमा लागला होता, २००४ सालचा. त्यात पीटर टेबलाशी बसून काकूला सांगतो की काकाच्या मरणात माझी चूक होती. काकू आपला हात त्याच्या हातातून काढून घेते आणि काही न बोलता जिन्याने वर निघून जाते. मुलगा मला विचारतो, “मॅडम, ती काहून काहीच बोलली नाही? ती परत बोलती का त्याला?”

मी म्हटलं, सिनेमात पुढे बोलते की. पण त्याला सिनेमाचं उत्तर नको होतं. थोड्या वेळाने म्हणाला, “त्या दिशी मी पप्पाला क्लासच्या फीचे पैसे मागितलते. दोनदा.”

मैत्रिणींनो, मी दहा वर्षं या कामात आहे. पंचनाम्यात कर्जाचा आकडा असतो, पिकाची नासाडी असते. हे दोनदा मागितलेले पैसे कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.

मी त्याला कॉमिक्समधलं सांगितलं. छापील गोष्टीत हे गुपित बेनकाकांच्या मरणानंतर चाळीस वर्षांनी, २००२ मध्ये, असं समोरासमोर उलगडलं. पीटरने काकूला सगळं सांगितलं, तेव्हा काकू म्हणाली की मीही इतकी वर्षं स्वतःलाच दोष देत आले. त्या संध्याकाळी तिचं आणि काकांचं भांडण झालं होतं आणि ते घराबाहेर पडले होते. एकाच घरात दोघं जण एकाच मरणाचा दोष वेगवेगळा वाहत होते. स्ट्रॅझिन्स्की या लेखकाने त्या प्रसंगाला कुठली मारामारी लावली नाही. दोन माणसं बसून बोलतात, बस्स.

हे आमच्या गावात इतकं सरळ झालं नाही. मुलाने आईला सांगायला पंधरा दिवस घेतले. आई आधी हातातलं काम करत राहिली, मे काकूसारखीच. मग तिने सांगितलं की त्या रात्री ती खरंच बोलली होती, मंगळसूत्र गहाण टाकायला नको म्हणाली होती. हे ऐकत दाराशी उभी असलेली म्हातारी खाली बसली. तिने मुलाला सोयाबीनऐवजी ऊस का लावला नाहीस म्हणून सकाळी बोल लावला होता. तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या. कर्ज देणारा, भाव पाडणारा, पाऊस यांतलं कुणी तिथे सांगायला आलं नव्हतं.

चुली अजून दोनच आहेत. मुलगा शाळेत जातो, पण चुलत्याशी बोलत नाही, आणि बोल असा आग्रह मी करत नाही. एक मात्र झालं. पुढच्या वेळी मी अर्ज घेऊन गेले तेव्हा सासूला शेजारी बसवून कायदा वाचून दाखवला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात मयताची बायको, मुलगे, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस आहेत, सारख्या हिश्श्याचे. वडिलोपार्जित जमिनीत आधी मयताचा हिस्सा ठरतो आणि मग तो यांच्यात वाटला जातो. हे वारस असताना त्या हिश्श्यात दिराला जागा नाही. म्हातारीने दोनदा वाचायला लावलं. “म्हंजी सुनेचं अन् माझं सारखंच?” सारखंच, आजी. इतके महिने ती समजत होती की सुनेचं नाव लागलं की आपण रस्त्यावर. तसं तिला कुणी सांगितलं होतं ते तुम्ही ओळखलं असेल. सातबाऱ्यावर आता चार नावं आहेत, त्यात मुलीचंही.

जेवणानंतर आपण याच मांडवात अर्ज भरायला बसणार आहोत. वारसा मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. उशीर झाला असेल तरी या, अर्ज करता येतो. मृत्यूचा दाखला, आधार आणि सातबारा बरोबर ठेवा. नावात फरक असेल तर आधी माझ्या टेबलाशी या. आणि ज्यांच्या सासूबाई आज इथे आल्या आहेत, त्यांनी त्यांनाही घेऊन या. मी दोन खुर्च्या जास्त मागवल्या आहेत.