‘आमच्या मनात तसलं काही नाही’



मला विषय दिलाय ‘रोजच्या जगण्यातले पूर्वग्रह’. असा विषय असला की श्रोते निर्धास्त बसतात. प्रत्येकाला वाटतं, आज पाहुणा आपल्या शेजाऱ्याबद्दल बोलणार. तेव्हा आधी आपल्यावर होणाऱ्या अन्यायाचं बोलू, ते ऐकायला बरं वाटतं.

एखाद्या कर्मचाऱ्याची बदली चंदगडला झाली की कोल्हापुरातले सहकारी त्याचं सांत्वन करतात. घरात काही बरंवाईट घडावं तसं. आपला पोरगा शहरात कॉलेजला जातो, वर्गात उठून दोन वाक्यं बोलतो आणि मागच्या बाकावर खसखस पिकते. ‘कोकणातला काय रे तू?’ दुसरा म्हणतो, ‘छे, कानडी दिसतोय.’ 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यं नव्यानं आखली गेली. बेळगाव जिल्हा म्हैसूरला गेला, त्यातला आपला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूरला जोडला गेला. खाली कोकण-गोवा, पलीकडे कानडी मुलूख. इथली बोली या सगळ्या शेजाराची आहे, त्यात लाजण्यासारखं काय आहे? ‘स्वामी’ लिहिणारे रणजित देसाई कोवाडचे. तरीही मुलाखतीला जाणाऱ्या पोराला आपणच बजावतो, ‘तिथं आपल्यासारखं बोलू नको हं.’

त्या हसणाऱ्या मुलांना विचारा. ती मनापासून सांगतील, ‘सर, मनात काही नव्हतं, गंमत केली.’ मला ते पटतं. पण ज्याला हसले, तो पुढचं वर्षभर वर्गात तोंड उघडत नाही. मनात काही नसताना एवढं नुकसान होतं. माझा आजचा मुद्दा एवढाच आहे. पूर्वग्रह म्हटलं की आपण दुसऱ्याच्या मनात डोकावायला जातो. मनातलं कुणाला दिसत नाही, म्हणून सगळेच सुटतात.

आता घरचं बघू. गळीत हंगाम सुरू आहे. हलकर्णीकडे, राजगोळीकडे जाताना रस्त्याकडेच्या माळावर कोप्या दिसतात. ऊसतोडीला आलेली बीडकडची माणसं. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून दिवाळीआधीच घेतलेली उचल, आणि ती फिटेपर्यंत पहाटेच्या अंधारात फडात उतरायचं. तीन-चार महिने ही माणसं आपल्या शिवारात राहतात. त्यातल्या किती जणांची नावं आपल्याला ठाऊक आहेत? आपण म्हणतो ‘टोळीवाले’. कोंबडी गेली, टोळीवाल्यांनी नेली. विहिरीवरच्या मोटारीची केबल गेली, टोळीवाल्यांचंच काम. अहो, केबल जाळून त्यातली तार विकायला भंगारवाला ओळखीचा लागतो. दिवसभर मोळ्या वाहून रात्री गाडी भरणाऱ्या परमुलखातल्या माणसाला तो कुठून माहीत असणार? पण हा हिशेब कुणी करत नाही. टोळीतली बाई तेल-मीठ घ्यायला आली की दुकानदार आधी पैसे मागतो, मग पुडा हातात देतो. तिच्या मागे उभ्या असलेल्या गावच्या माणसाची उधारी गेल्या गौरी-गणपतीपासून थकलेली असते. त्याला विचारा. म्हणेल, ‘मनात काही नाही हो, धंदा आहे.’

हे किरकोळ वाटतं. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात काय झालं ते आठवा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. आठवडी बाजाराला आलेल्या पाच जणांना जमावानं धरलं आणि ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते ते, भिक्षा मागून पोट भरणारे. अफवा ताजी होती, संशय मात्र जुना होता. इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या होत्या. तो कायदा 1952 ला गेला, पण भटका दिसला की चोर समजायची खोड समाजातून गेली नाही. राईनपाड्यात जमलेल्यांपैकी बहुतेकांनी आदल्या दिवसापर्यंत कुणावर हातही उचलला नसेल. उलट ते स्वतःला आपल्या लेकरांचं रक्षण करणारे समजत होते.

आता एक आकडा सांगतो. 2011-12 मध्ये देशभरात बेचाळीस हजारांवर घरांची मोठी पाहणी झाली. त्यात सरळच विचारलं होतं, तुमच्या घरात कुणी अस्पृश्यता पाळतं का? साधारण 27 टक्के घरांनी कुठल्या ना कुठल्या रूपात होय म्हटलं. महाराष्ट्रात हे प्रमाण 4 टक्क्यांच्या आसपास होतं. टाळ्या वाजवाव्यात असा आकडा. पण मला भीती वाटते की फुले, शाहू, आंबेडकरांचं नाव घेता घेता आपण उत्तर बरोबर द्यायला शिकलो. वधू-वर सूचक मंडळाच्या जाहिराती वाचा. ‘जातीची अट नाही’ असं छापलेलं असतं आणि त्याच ओळीत कंसात ‘एस.सी., एस.टी. क्षमस्व’. क्षमा मागून भेद करणारा समाज जगात दुसरा नसेल. पूर्वी काही घरांत वळचणीला वेगळी कपबशी अडकवलेली असायची. ती गेली, पण तिच्या जागी कागदी कप आला. पाहुणा बघून ठरतं, याला काचेचा कप की कागदी. विचारलंत तर उत्तर तयार असतं, ‘स्वच्छतेला बरं पडतं.’ बरं पडतं तर मग व्याह्यांनाही द्या की.

शाहू महाराजांना ही गोष्ट फार नेमकी कळली होती. आपला भाग तेव्हा बेळगाव जिल्ह्यात, पण कोल्हापूरची ही हकिगत इथंही सगळ्यांना पाठ आहे. गंगाराम कांबळे महाराजांच्या पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवल्यावरून त्यांना झोडपून काढलं. मारणाऱ्यांना महाराजांनी शिक्षा केली. गोष्ट तिथंच संपवता आली असती. पण पुढं गंगारामांनी महाराजांच्या आधारानं हॉटेल घातलं, ‘सत्यसुधारक’ नावाचं. भर रस्त्यावर. गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतः तिथं गाडी थांबवू लागले, चहा मागवू लागले, आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही तो प्यावा लागला. त्या मानकऱ्यांच्या मनात काय चाललं होतं, देव जाणे. महाराजांनी ते विचारलं नाही. चहा घशाखाली गेला, चार लोकांनी बघितलं आणि दुसऱ्या दिवशी तिथं जाणं थोडं सोपं झालं.

शाळेकडे वळतो, कारण समोर बरेच शिक्षक दिसताहेत. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोघी अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरच्या भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. कुणाची जात कुणाला सांगितली नाही, तेव्हा वरच्या आणि खालच्या जातीच्या मुलांत म्हणावा असा फरक दिसला नाही. मग नावाबरोबर जात मोठ्यानं वाचून दाखवली. तीच कोडी, तसलीच मुलं, पण दलित मुलांनी सोडवलेली कोडी चांगलीच घटली. तिथं कुणी शिवी दिली नव्हती, मारलं नव्हतं. फक्त यादी वाचली होती. आता आपल्या वर्गातलं एक वाक्य आठवा, ‘शिष्यवृत्तीवाले उभे राहा.’ म्हणणाऱ्या गुरुजींच्या मनात काहीच नसतं, कार्यालयाला यादी द्यायची घाई असते. मग ते फॉर्म मधल्या सुट्टीत एकेकाला बोलावून का भरून घेऊ नयेत?

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी मुद्दाम वेळ राखून ठेवला ती. आपल्याच जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड आहे. 4 मे 2022 ला तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला. नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं, तिला शुभकार्यातून बाजूला ठेवणं, हे गावात बंद. दोनच दिवसांवर शाहू महाराजांची शंभरावी पुण्यतिथी होती आणि करोनात तरण्या बायका विधवा झाल्याची जखम गावोगाव ओली होती. पाठोपाठ माणगावनं तसाच ठराव केला. आपल्या तालुक्यातलं माणगाव नव्हे, हातकणंगल्यातलं, जिथं 1920 ला शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर एका व्यासपीठावर आले होते ते. त्याच महिन्यात सरकारनंही परिपत्रक काढून इतर गावांना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

बांगड्या फोडतं कोण, याचा विचार करा. शत्रू येत नाहीत. थोरली जाऊ असते, चुलत सासू असते, बहुतेक वेळा जिच्या स्वतःच्या बांगड्या कधीकाळी अशाच फुटलेल्या असतात अशी म्हातारी असते. ती त्या पोरीचे हात धरते, दगडावर आपटते आणि स्वतः हंबरडा फोडते. त्या क्षणी तिच्याइतकी माया तिथं कुणाचीच नसते. द्वेष हुडकायला गेलात तर हाती काही लागणार नाही. तरी त्या दिवसापासून पोरगी हळदी-कुंकवातून वजा होते, लेकाच्या लग्नात बोहल्यापासून लांब खांबाला टेकून उभी राहते. ओटी भरायची वेळ आली की तिला कुणी ‘ऊठ’ म्हणत नाही, तीच उठून मागच्या दारी भांडी घासायला जाते. एवढी तिची तिला सवय लागलेली असते.

लोक म्हणाले, ठरावानं काय होतंय? ग्रामपंचायतीच्या ठरावाला दंडुका नसतो, हे खरंच. पण त्या म्हातारीला ठराव हवाच होता, असं माझं मत आहे. ‘लोक काय म्हणतील’ या धाकानं ती दगड उचलत होती. आता लोकांनीच हात वर करून लिहून दिलं की आम्ही काही म्हणणार नाही. तिला नाही म्हणायला कारण मिळालं. ज्या गावांनी परिपत्रक आलं म्हणून ठराव केला आणि वहीत बांधून ठेवला, तिथं दगड अजून उचलले जात असतील. ठराव कागदावरचा की भावकीनं मानलेला, हे गावातल्या पुढच्या मयताला कळतं, त्याआधी नाही.

शेवटी रोप लावणीच्या हजेरीचं. गुडघाभर चिखलात दिवसभर कमरेत वाकून, डोक्यावर इरलं घेऊन बाई भात लावते. बांधावरून तरू पोचवणाऱ्या गड्याची हजेरी तिच्यापेक्षा जास्त. समान कामाला समान वेतनाचा कायदा 1976 लाच झाला. शेतकऱ्याला विचारलं तर म्हणतो, ‘चालत आलंय, मनात काही नाही.’ बाईलाही विचारा. ती हसून म्हणते, ‘गड्याचं काम जड असतंय.’ मग एक दिवस कामं बदलून बघा की, गड्याला वाकू द्या.

26 जानेवारीला गावोगाव ग्रामसभा आहे. विषयपत्रिकेत रस्ते असतील, गटारं असतील. त्याखाली दोन विषय वाढवून घ्या. हेरवाडसारखा ठराव, आणि येत्या पावसाळ्यात गडी-बाईची हजेरी किती, हे आकड्यात. विरोध होईल, कुणीतरी बाहेरगावच्या वक्त्यानं डोकं फिरवलं असंही म्हणेल. माझं नाव खुशाल सांगा. टोळीतल्या पोरांना हंगामापुरतं आपल्या शाळेत बसवण्याचं मुख्याध्यापकांशी बोलून ठेवलं तर त्याला ठरावही लागत नाही, उद्या सकाळी होण्यासारखं आहे.

आता प्रश्न विचारा. बायकांच्या बाजूनं आधी.