धरमतरचा पहिला धडा



कुंडलिकेच्या एका तीरावर रोहे आणि दुसऱ्या तीरावर आपली ही अष्टमी. एवढ्याशा गावाचे नाव समुद्रापार इस्रायल देशापर्यंत पोहोचले आहे, हे आपणांपैकी किती जणांस ठाऊक आहे? ह्या जिल्ह्यातील बेने इस्रायल समाज तेलाचे घाणे चालवी आणि शनिवारी काम बंद ठेवी. म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणत. त्यांनी आपली आडनावे गावांवरून घेतली. पेणकर, किहीमकर, रोहेकर, तसेच अष्टमकर. १९४८ साली इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यानंतर ह्या समाजातील हजारो माणसे तिकडे गेली. पण गाव आडनावात बांधून घेऊन गेली.

त्यांचा धर्म त्यांचा. परंतु त्यांच्या घरची एक रीत आपण नीट समजून घ्यावी, एवढ्यासाठी मी आज उभा आहे. वल्हांडण सणाच्या रात्री सारे कुटुंब एकत्र बसते. घरातील सर्वांत लहान मूल प्रश्न विचारते आणि वडीलधारी माणसे उत्तर म्हणून एकच कथा सांगतात : आपले पूर्वज मिसर देशात गुलाम होते, ते तेथून कसे बाहेर पडले. ही कथा ज्या पोथीत आहे तिला हगादा म्हणतात. १८७४ साली पुण्यात ती मराठी भाषांतरासह छापली गेली; तिच्यातील चित्रांत लुगडे नेसलेल्या स्त्रिया सणाच्या भाकरी करताना दाखविल्या आहेत. त्याही आधी, १८३२ साली, जॉन विल्सन ह्यांनी हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले होते. म्हणजे परकी अक्षरेसुद्धा ह्या लोकांपुढे आली ती मायबोलीचा हात धरून.

ह्यातील मर्म पाहा. कथा आपल्याच माणसांची, भाषा घरची, प्रश्न मुलाचा आणि पुस्तक मध्ये ठेवलेले. वाचन शिकविण्याची ह्याहून उत्तम व्यवस्था कोणती?

आता आपल्या घराकडे वळा. कोणीतरी गाव सोडल्याची कथा नाही असे घर आपल्यात विरळाच. रोह्यास आगगाडी आली ती १९८६ साली. तत्पूर्वी आपली माणसे धरमतरास जात आणि तेथून बोटीने मुंबईचा धक्का गाठीत. कोणी गिरणीत लागले, कोणी गोदीत. ही कथा आजीला तोंडपाठ असते; परंतु आजीला वाचता येत नाही, आणि नातवाला वाचता येते तर कथा ठाऊक नसते. दोघांना एका चटईवर बसवा. हाच आपला वर्ग.

आजी बोलेल ते वाक्य जसेच्या तसे पाटीवर लिहा : "आमी धरमतरला बोटीत बसलो." तिने 'आमी' म्हटले तर 'आमी'च लिहा, 'आम्ही' हे ग्रंथातील रूप शेजारी नंतर लिहिता येईल. पहिल्याच दिवशी तिची बोली खोडली, तर ती दुसऱ्या दिवशी येणार नाही. मग तिचे बोट धरून ते वाक्य वाचवून घ्या. वाक्य तिचेच असल्यामुळे अर्थ आधीच तिच्यापाशी असतो. ओळख करून घ्यायची ती फक्त अक्षरांची.

त्यानंतर एक शब्द वेगळा काढा : धरमतर. ह्या शब्दात काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. ध, र, म, त एवढी चारच अक्षरे. ती उलटसुलट जुळवा : धर, तर, धरत, मत. मग काना द्या : धारा, तारा, माता. ज्या आजीने आजवर मतदान-केंद्रावर अंगठा उमटविला, तिला पहिल्याच धड्यात 'मत' हा शब्द स्वतःच्या हाताने लिहिता येतो. 'अष्टमी' मात्र शेवटी ठेवा, कारण त्यात जोडाक्षर आहे. गावाचे नाव स्वतः लिहिणे, हीच आपल्या वर्गाची परीक्षा समजा.

मुलाला चार प्रश्न द्या. कोण निघाले? का निघाले? कसे गेले? तिकडे पहिली रात्र कोठे काढली? उत्तरे त्याने वहीत उतरावीत आणि आजीला वाचून दाखवावीत. चुकले असेल तेथे आजी सांगेल. अशा रीतीने वाचन, लेखन, श्रवण आणि भाषण ही चारही अंगे एकाच कथेतून साधतात.

दुसऱ्या प्रश्नापाशी पुष्कळ घरे थबकतात. गाव का सोडले, ह्याच्या उत्तरात वेठ येते, पाणवठ्यावरचा मज्जाव येतो, शाळेबाहेर बसविलेले मूल येते. मुलाला कशाला सांगावे, असे आईवडिलांना वाटते. माझी हात जोडून विनंती आहे : सांगा. अस्पृश्यता १९५० साली संविधानाने नष्ट केली, कनिष्ठ गाववतने १९५८ च्या कायद्याने गेली; परंतु ती कशी होती हे घरात सांगितले नाही, तर मुलाला त्या कायद्यांची किंमत कळणार नाही. त्यात लाज असेल तर ती वेठ घेणाऱ्याची, करणाऱ्याची नव्हे.

लिहून ठेवण्याचे मोल पुन्हा त्या शेजाऱ्यांकडूनच शिकावे. हाईम सॅम्युएल किहीमकर ह्यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहिला; तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीव येथे. पुढे इस्रायलमध्येच ह्या लोकांच्या यहुदीपणाविषयी विवाहाच्या बाबतीत शंका घेण्यात आली. आपण कोण आणि कोठून आलो, हे त्यांना पुन्हा सांगावे लागले. त्यांनी निदर्शने केली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने त्यांचे समान हक्क जाहीर केले. आपली कथा आपण सांगितली नाही, तर आपण कोण हे दुसरा ठरवितो.

म्हणून आज घरी गेल्यावर एक कोरी वही काढा. पहिल्या पानावर आजीचे एक वाक्य लिहा, एकच. उद्या ते तिच्याकडून वाचून घ्या. वही भरेल तेव्हा घरात एक पुस्तक तयार झालेले असेल, आणि ते वाचणारी दोन माणसेही.