गोठ्यावरील संकटाची पूर्वसूचना

मृगाचा पाऊस पडावा, रानात कोवळे गवत तरारावे आणि काल उड्या मारणारे धट्टेकट्टे खोंड आज लंगडू लागावे. त्याच्या फऱ्यावर सूज चढावी व दाबताच करकर वाजावी, हा अनुभव महाराष्ट्रातील शेतकऱ्याला नवा नाही. फऱ्या आणि घटसर्प यांचा हंगाम त्याला पाठ असतो. यंदा ते कोठे उतरणार, एवढेच त्याला ठाऊक नसते. शहरी श्रोत्याला एका खोंडाचे मरण क्षुल्लक वाटेल. ज्याची पेरणी त्याच्या खांद्यावर आहे, त्याचे वर्षच बुडते.

हे ‘कोठे’ आधी ओळखण्याचा प्रयत्न बंगळूरच्या उत्तरेस येलहंका येथे चालतो. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची ‘निवेदी’ ही पशुरोगविषयक संस्था तेथे आहे. कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या महिन्यात कोणता रोग उद्भवला, याच्या अनेक वर्षांच्या नोंदी संगणकाला पुरविल्या जातात. त्यांच्याशी पाऊस, उष्मा, हवेतील आर्द्रता, उपग्रहाने टिपलेली हिरवळ व जनावरांची दाटी यांचा मेळ घातला जातो. कोणत्या गोष्टी एकत्र आल्या असता रोग भडकला, हे यंत्र हुडकते आणि दोन महिने आधी जिल्हावार इशारा देते. ही मुदत मोलाची आहे. कारण लस टोचली त्याच दिवशी अंगात प्रतिकारशक्ती येत नाही, त्याला काही आठवडे लागतात.

परंतु यंत्राला जे लिहिले गेले तेवढेच कळते. बैल मेला, मालकाने तो गावाबाहेर ओढून टाकला, बाजार बंद होईल या भीतीने पशुवैद्याला कळविलेच नाही, तर रकाना कोराच राहतो. निरोगी जिल्ह्याचा कोरा रकाना आणि मुक्या जिल्ह्याचा कोरा रकाना यांत यंत्राने भेद कसा करावा? जेथील पशुवैद्य कष्टाने नोंदी ठेवतो तो जिल्हा रोगट ठरावा व आळशाचा स्वच्छ, असा विपरीत न्याय त्यातून घडू शकतो. बैल काळपुळीने मेला असेल, तर त्या जंतूंची बीजे मातीत अनेक वर्षे टिकून राहतात. रकाना कोरा असला तरी जमीन विसरत नाही.

बुळकांडीच्या बाबतीत कोऱ्या रकान्यावर कोणी विसंबले नाही. 2006 साली भारत आणि 2011 साली सारे जग त्या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. त्यापूर्वी गावोगाव हिंडून, जनावरांचे रक्त तपासून ‘येथे रोग नाही’ हे सिद्ध करावे लागले होते.