वाचनालयाची यादी संगणकात नेताना

लहान वाचनालयांतून मला बोलावणे येते ते बहुधा एकाच प्रश्नासाठी : "सॉफ्टवेअर कोणते घ्यावे?" मी उलट विचारतो, "घातलेली यादी बाहेर कशी काढणार?" सॉफ्टवेअर आज ना उद्या बदलते, ते सांभाळणारा मुलगा नोकरीसाठी शहरात जातो. यादी बाहेर निघत नसेल, तर पुन्हा पहिल्या दाखल क्रमांकापासून टंकायला बसायचे.

आणि निघालेली यादी वाचताही आली पाहिजे. एका तालुक्याच्या वाचनालयात नऊ हजार पुस्तकांची यादी मला दाखवली. पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे! टंकन जुन्या मराठी फाँटमध्ये झाले होते. त्या पद्धतीत संगणक साठवतो इंग्रजी अक्षरांचे क्रमांक. फाँट त्यांवर मराठी मुखवटा चढवतो. जुना संगणक भंगारात गेला, त्याबरोबर मुखवटाही गेला. युनिकोडमध्ये 'क'ला स्वतःचा क्रमांक असतो. रूपांतर करणारा प्रोग्रॅम मिळाला, पण रफार नि जोडाक्षरे बिघडली, आणि दोन कार्यकर्त्यांची दिवाळीची सुटी नोंदी तपासण्यात गेली. तुमची यादी कशात आहे, हे पाहायला एक ओळ उचलून कोणाच्या तरी फोनवर पाठवा. तिथे मराठी दिसले, की निश्चिंत.

'कोहा' ही प्रणाली न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झाली आणि २००० सालापासून वापरात आहे. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. ती फुकट मिळते, पण सर्व्हर सांभाळणारा माणूस फुकट मिळत नाही! तीन-चार हजार पुस्तकांना एक्सेलचा तक्ता पुरे, असे माझे मत. मात्र तो सीएसव्ही स्वरूपात साठवताना 'यूटीएफ-८' असे लिहिलेला पर्याय निवडा. साधा निवडलात, तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग मिळेल.

खरे काम नावांचे आहे. 'पु. ल. देशपांडे', 'देशपांडे पु. ल.' आणि 'पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे' हे संगणकाच्या लेखी तीन लेखक. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर यांचे काय करायचे, हे समितीने एकदा ठरवावे आणि तो कागद टंकणाऱ्यासमोर भिंतीवर चिकटवावा. अनुक्रमाचीही गंमत आहे. आपण क्ष आणि ज्ञ शेवटी शोधतो. युनिकोडच्या क्रमांकांप्रमाणे लावलेल्या यादीत 'ज्ञानेश्वरी' 'ज'मध्येच सापडते. नव्वदीतल्या आजोबांना हे आधी सांगा, नाहीतर पुस्तक नाही असे समजून ते परत जातील.

दाखल नोंदवही हाताने लिहिणे सोडू नका. यादीच्या दोन प्रती ठेवा आणि तीन महिन्यांनी एकदा त्या उघडून पाहा; न उघडलेल्या प्रतीवर माझा विश्वास नाही. एक प्रत इमारतीबाहेर हवी. २०२१च्या जुलैत चिपळूणला पूर आला, तेव्हा पाणी नोंदवही नि संगणक असा भेद करीत नव्हते. तेव्हा ती प्रत ज्या पदाधिकाऱ्याच्या घरी ठेवाल, त्याचे घर वरच्या मजल्यावर आहे ना, हेही विचारून घ्या.