चौथें स्टेशन

आपल्या गांवांत वाट चुकली तर ती घरीं सांगावयाची गंमत होते. परक्या देशांत वाट चुकली कीं मात्र माणसाचें वय एकदम कमी होतें. कचेरींत चार जण ज्याला साहेब म्हणतात तो चौतीस वर्षांचा गृहस्थ घटकाभरांत सहा वर्षांचें पोर होतो, आणि जत्रेंत आईचा पदर सुटलेल्या मुलाप्रमाणें येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडाकडे पाहूं लागतो. १९९९ च्या भाद्रपदांत लंडन शहरीं माझी अशी अवस्था झाली होती. श्रोतेहो, त्या संध्याकाळची हकीकत आज आपल्याला सांगावयाची आहे.

नोकरीनिमित्त मी नागपुराहून लंडनला जाऊन तीनच आठवडे झाले होते. स्वतःशीं पुटपुटलेले शब्द सोडले तर या तीन आठवड्यांत मराठीचा एक शब्द माझ्या तोंडून निघाला नव्हता. गणेशचतुर्थीच्या दिवशीं कोठें तरी गणपतीपुढें उभा राहा, असें आईनें पत्रांत लिहिलें होतें. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ सालीं स्थापन झालेलें आहे, आणि त्याची वास्तु शहराच्या वायव्य भागांत डॉलिस हिल येथें आहे. दूरध्वनीवरून चौकशी केली, तेव्हां एका गृहस्थांनीं फार आपुलकीनें वाट सांगितली : "ज्युबिली लाईनची गाडी पकडा. फिंचली रोडपासून चौथें स्टेशन. आरती सात वाजतां आहे." मराठी कानांवर पडल्याचाच मला इतका आनंद झाला कीं त्यांतलें "चौथें स्टेशन" आणि "आरती" एवढेंच माझ्या ध्यानांत राहिलें.

फिंचली रोडच्या फलाटाची मौज अशी कीं त्याच्या दोन्ही कडांना एकाच दिशेनें जाणाऱ्या गाड्या लागतात. एका कडेला ज्युबिली, दुसऱ्या कडेला मेट्रोपोलिटन. नारळाची पिशवी संभाळीत मी उभा होतों. समोर गाडी आली, दार उघडलें, मी आंत शिरलों. कोणास विचारावें असें मनांतही आलें नाहीं. इंजिनियर माणसानें आगगाडीची वाट काय विचारावयाची!

गाडी सुटली. पहिलें स्टेशन आलें आणि गेलें. गाडी थांबली नाहीं. दुसरेंही तसेंच गेलें. तिसऱ्याच्या वेळीं मी उठून दाराशीं गेलों. चौथ्या स्टेशनाची पाटी खिडकींतून ओझरती दिसली. फलाटावर झब्बा घातलेले कोणी गृहस्थ लहान मुलाचा हात धरून चालले होते. ते आरतीलाच निघाले असावेत. तेवढेंच दिसलें, आणि गाडी पुढें धांवत राहिली. डब्यांतील मंडळी शांतपणें वर्तमानपत्रें वाचीत होती. मला ओरडावेंसें वाटलें. पण काय ओरडावें, आणि कोणत्या भाषेंत?

मागाहून उलगडा झाला तो असा. जगांतील पहिली भुयारी रेल्वे १० जानेवारी १८६३ रोजीं लंडनमध्यें पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन सुरू झाली, ती हीच मेट्रोपोलिटन. पुढें तिचे रूळ उपनगरांत दूरवर गेले आणि गर्दी वाढली, म्हणून १९३९ सालीं मधलीं लहान स्टेशनें बेकरलू नांवाच्या मार्गाकडे सोंपविण्यांत आलीं. १९७९ पासून तीं ज्युबिलीकडे आहेत. मेट्रोपोलिटन मात्र फिंचली रोडहून निघते ती एकदम वेम्ब्ली पार्कला थांबते. वर्ध्याच्या वाटेवर खापरी, गुमगांव, बुटीबोरी येथें पॅसेंजर थांबावी आणि मेलनें धडधडत निघून जावें, तसाच हा प्रकार. हॅरी बेक यांच्या पद्धतीचा नकाशा माझ्या खिशांत होता. हा नकाशा १९३३ सालीं प्रथम प्रसिद्ध झाला. त्यांत अंतरें खरीं नसतात. स्टेशनांचा क्रम आणि मार्गांचे सांधे तेवढे दाखविलेले असतात. करड्या रेघेवर लहान स्टेशनांच्या खुणा ओळीनें होत्या, शेजारच्या जांभळ्या रेघेवर एकही नव्हती. नकाशांत सर्व कांहीं होतें. मीं तो उघडलाच नव्हता.

वेम्ब्ली पार्कला उतरलों तेव्हां सात वाजून गेले होते. मी फलाटावर तसाच उभा राहिलों. एक वृद्ध गुजराथी बाई बांकावर बसल्या होत्या. माझ्या पिशवींतील नारळाकडे पाहून त्यांनीं हिंदींत विचारलें, "नीसडनच्या मंदिरांत जायचें आहे का?" तेथील स्वामीनारायण मंदिर १९९५ सालीं झालें होतें, नारळ घेऊन निघालेला मनुष्य तिकडेच जाणार, हा त्यांचा तर्क साहजिक होता. पण तर्कावर त्या थांबल्या नाहींत. त्यांनीं मला माझ्या तोंडानें ठिकाणाचें नांव सांगावयास लाविलें, दुसऱ्या फलाटापर्यंत त्या स्वतः चालत आल्या, गाडी येईपर्यंत उभ्या राहिल्या, आणि मी डब्यांत चढल्यावर दोन बोटें वर करून म्हणाल्या, "दुसरें स्टेशन; पहिल्यावर उतरूं नका." त्यांची स्वतःची गाडी तेवढ्यांत निघून गेली होती.

मी पोहोंचलों तेव्हां मंत्रपुष्पांजलि संपत आली होती. शेजारच्या गृहस्थांनीं हातांत अक्षता दिल्या आणि "कोठले आपण?" असें विचारलें. "नागपूरचा," एवढें उत्तर द्यावयास मला दोनदां आवंढा गिळावा लागला.

पण त्या रात्रीं परत येतांना गाडींत मला आठवण झाली ती निराळ्याच एका माणसाची. लंडनला जाण्यापूर्वीं वर्षभर आधीं गणेशपेठेच्या बसस्थानकाबाहेर एका खेडूतानें मला थांबविलें होतें. गडचिरोलीकडचा असावा. बरोबर आजारी बायको होती, हातांत चिठ्ठी होती. "मोठा सरकारी दवाखाना कोठें आहे, साहेब?" मी घाईंत होतों. "मेयो ना? असे सरळ जा," म्हणून हात दाखविला आणि चालूं लागलों. दहा पावलें गेल्यावर ध्यानांत आलें कीं नागपुरांत मोठे सरकारी दवाखाने दोन आहेत, एक मेयो आणि एक मेडिकल. दोहोंच्या वाटा निराळ्या. आणि त्याच्या हातांतील चिठ्ठी मीं वाचलीच नव्हती. तरीही मी मागें वळलों नाहीं. तो मनुष्य त्या आजारी बाईला घेऊन कोठें पोहोंचला, मला आजतागायत ठाऊक नाहीं. मला आरती चुकण्याचें भय होतें. त्याचें भय कशाचें होतें हें सांगावयास नको.

आपलें शहर आतां वाढलें आहे. नागपूर, अजनी, इतवारी अशीं स्टेशनें निरनिराळीं. गाडी कोठून सुटते हें बाहेरच्या माणसाला माहीत नसतें. २०१९ पासून येथें मेट्रो धांवते, आणि सीताबर्डीला तिचे दोन मार्ग एकमेकांस छेदतात. "बर्डीला गाडी बदला" एवढें सांगून भागत नाहीं, कारण तेथून वाटा चार फुटतात. खापरीची, ऑटोमोटिव्ह चौकाची, लोकमान्य नगराची कीं प्रजापती नगराची, हें शेवटच्या स्टेशनाचें नांव सांगितलें तरच वाट सांगितली असें म्हणतां येईल. विचारणाऱ्याच्या हातांत चिठ्ठी असेल तर ती वाचावी. त्याला काय काम आहे तें विचारावें. आपण सांगितलेलें त्याच्याकडून एकदां म्हणवून घ्यावें. या सर्वाला दोन मिनिटें पुरतात.

आणि जो परदेशीं नव्यानें राहावयास जाणार असेल त्याला एवढेंच सांगावयाचें : पहिल्याच दिवशीं वाट विचारावयास शिका. चुकीच्या गाडींत बसल्याचें दुःख मला फार दिवस राहिलें नाहीं. फलाटावर शेजारीं उभ्या असलेल्या माणसाला "ही गाडी डॉलिस हिलला थांबते का?" एवढें विचारण्याची मला लाज वाटली, ती लाज मात्र अजून आठवते. ती आठवली कीं गणेशपेठेंत मी थोडा हळू चालतों.